घरी ठेवलेला चष्मा

लेथवर लोखंड कातणाऱ्या सहदेव टर्नरच्या हाताला तोड नव्हती. पण कंपनीला टाळं लागून अकरा महिने झाले, आता त्या हाताला विचारतंय कोण? जिथं जावं तिथं पहिला प्रश्न वयाचा! ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या या वर्कशॉपलाही पंचेचाळीसच्या आतलाच माणूस हवा होता. त्रेपन्नच्या सहदेवनं अर्जात सरळ चव्वेचाळीस लिहिलं. करतो काय बिचारा?

आदल्या संध्याकाळी ठाकुर्लीच्या खोलीत बायकोनं, मंजुळानं, त्याचे केस काळेभोर केले. "नवरदेव दिसताय की!" ती हसली. पण अकरा महिने लोकांच्या पोळ्या लाटून तिचे खांदे भरून आले होते आणि हे काम लागलंच पाहिजे, हे दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी निघताना सहदेवनं जाड काचांचा चष्मा मुद्दाम घरी ठेवला. तो लावला की थेट आजोबाच दिसायचा.

टेस्ट घ्यायला तिथले जुने टर्नर कुंडलिकराव होते. त्यांनी लोखंडी दांडा, शाफ्ट, दिला. "पंचवीस एमएमला उतरव. केसाएवढा फरक चालणार नाही."

सहदेवनं लेथ सुरू केली आणि किती दिवसांनी त्याला बरं वाटलं! हात काही विसरला नव्हता. शेवटचा कट राहिला तेव्हा त्यानं मशीन थांबवून जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. त्यावरच्या बारीक रेघा दिसेनात. हात लांब केला, उजेडाकडे वळला, छे! अंदाजानं कट मारावा, तर शाफ्ट भंगारात आणि नोकरीही.

"साहेब," तो खाली मान घालून म्हणाला, "चष्मा घरी ठेवलाय. म्हातारा दिसेन म्हणून. वयपण खोटं लिहिलंय मी. त्रेपन्न आहे."

कुंडलिकरावांनी केबिनकडे पाहिलं. तरुण मालक फोनवर होता. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुढे केला. "घाल गुपचूप. चालेल तुला."

रेघा सुट्या झाल्या. सहदेवनं कट मारला. कुंडलिकरावांनी शाफ्टवर बेअरिंग चढवून पाहिलं, अलगद बसलं. ते केबिनमध्ये जाऊन आले. "उद्यापासून ये. वयाचं मी काही बोललो नाही."

सहदेव त्यांच्या पायाशी वाकला. "तुमच्या हाताखाली शिकेन साहेब."

"माझ्या हाताखाली कुठला रे?" कुंडलिकरावांनी त्याला उठवलं. "ही जागा माझीच. मालक एकसष्टचा माणूस नको म्हणाले. आज माझा शेवटचा दिवस."

त्यांनी सहदेवच्या नाकावरचा चष्मा हलकेच काढून घेतला. "उद्या तुझा आण. माझा इथं नसेल."

बाहेर आला तोच मंजुळाचा फोन. "झालं का हो काम?"

"झालं," सहदेव म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. तिला वाटलं, आनंदानं.