आतून ओढायचं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. मुलींच्या वसतिगृहात तळमजल्याच्या टोकाला जी अंधारी खोली आहे ना, तिचं. दाराला कसली आलीये जीवनकहाणी, असं म्हणून हसू नका. सगळी माणसं आमच्यातून ये-जा करतात आणि आम्ही मात्र जन्मभर त्याच बिजागऱ्यांना लटकलेले असतो. "तुला मेल्या कुठं जायचंय?" असं कोणी म्हणेल. कुठंच नाही, पण निदान विचारून तर बघा!

मला घडवणाऱ्या सुताराचा हात फार हलका होता. कडांवरून रंधा फिरवून त्याने मला चौकटीत असं बसवलं, की लहान मुलानेही एका बोटाने उघडावं. पुढे कित्येक वर्षं मुली माझं कौतुक करायच्या. "आपलं दार किती शहाणं, कुरकुर म्हणून नाही!" मग शेजारच्या न्हाणीघराची ओल भिंतीत शिरली, मी फुगलो आणि अडकायला लागलो.

इथेच सगळं घोडं अडलं. वसतिगृहात सुताराची जागा रिकामी आणि रंगाऱ्याची भरलेली. त्यामुळे कोणी "दार अडकतं" अशी तक्रार केली, की रेक्टरबाई ठसक्यात म्हणायच्या, "रंगारीकाकांना पाठवते." काका बिचारे यायचे आणि जुन्या रंगावर नवा रंग चढवून जायचे. मी दिसायला देखणा, पण अंगाने जाडजूड. जितका रंग जास्त, तितका मी चौकटीत घट्ट. बाईंना वाटे, काम झालं. माझा जीव मात्र गुदमरायचा.

या वर्षी माझ्या खोलीत दोन मैत्रिणी राहायला आल्या. एकीला सगळे वकीलबाई म्हणायचे, कारण ती वाद घालायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. दुसरी पिटुकली. लहानपणी लपाछपी खेळताना ती मामाच्या कपाटात कोंडली गेली होती. तेव्हा तिने जी हाय खाल्ली, ती कायमची. दार लागलं की तिचा श्वास अडकायचा. दिवसभर ती माझ्याखाली चप्पल सारून मला उघडं ठेवायची, पण रात्री दारं लावायचा नियम होता. तिची झोप उडाली, जेवण सुटलं. शेवटी ती म्हणाली, "मी घरी जाते. नको मला ते कॉलेज."

तेव्हा वकीलबाईने कंबर कसली. रोज कॉलेज सुटलं की दोघी दुसरी खोली शोधत हिंडायच्या आणि परत येऊन खाटेवर बसून निकाल सुनावायच्या. स्वयंपाकघरावरच्या खोलीत धूर. जिन्याखालच्या खोलीला खिडकीच नाही. एका खोलीतली मुलगी म्हणे झोपेत गाते.

"गाते कशी पण?"

"बेसूर!"

दोघी पोट धरधरून हसल्या. मलाही हसू आलं, पण बाहेर पडली ती करकर.

रेक्टरबाई काही बधत नव्हत्या. "दार अडकतं म्हणून कोणी खोली बदलतं का गं? रंग मारून देते."

आणि खरंच, एका सकाळी काका आले. त्यांनी चप्पल बाजूला सारली, मला रंगवलं आणि "वाळेपर्यंत लावू नका" असं सांगून गेले. त्याच दुपारी वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी झाल्याचं कळलं. मोठी खिडकी, हलकं दार! वकीलबाई ती बघायला धावली आणि पिटुकली हरखून सामान आवरायला लागली. एवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि मी धाडकन लागलो. ओला रंग चौकटीला चिकटला.

ती ओढू लागली. मी हललो नाही. मित्रांनो, मला हलायचं होतं हो! ती किंचाळली आणि माझ्याच पाठीला टेकून खाली बसली. बाहेर रेक्टरबाई आल्या, पहारेकरीण आली. दोघींनी मला धक्के मारायला सुरुवात केली. प्रत्येक धक्का तिच्या पाठीत बसत होता. आता रंगाबरोबर तिच्या अंगाचाही भार माझ्यावर आहे, हे बाहेर कोणाला कळत नव्हतं.

वकीलबाई धावत खाली आली. "थांबा, मारू नका!" असं ओरडून ती फरशीवर बसली आणि तिने माझ्याखालच्या फटीतून बोटं आत सारली.

"पिटुकले, माझी बोटं दिसतायत?"

"हो," आतून हुंदका आला.

"धर. धरलीस? कुठे बसलीयेस तू?"

"दाराला टेकून."

"अगं, मग दार उघडेल कसं? हळूच ऊठ. पट्टी घे आणि कडेचा रंग खरवड. मी इथेच आहे, बोलत राहते."

ती खरवडत गेली, ही बोलत राहिली. शेवटी पिटुकलीने आतून कडी धरून मला ओढलं, हिने बाहेरून रेटलं आणि मी उघडलो. इतक्या वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आता रेक्टरबाईंनीही खोली बदलायला होकार दिला, पण कोपऱ्यातल्या खोलीत खाट एकच होती.

"तू जा," वकीलबाई म्हणाली.

"आणि तू?"

"मला काय धाड भरलीये? मी कुठेही घोरते."

"तुझ्याशिवाय नाही जाणार मी."

"मग घरी जाशील. तिथे तरी कुठे असणार आहे मी?"

पिटुकली गेली. वकीलबाई तिची पिशवी वरपर्यंत पोचवून आली, तिने मला लावून घेतलं आणि ती माझ्या पाठीला टेकून खाली बसली. ती हुंदका बाहेर जाऊ देत नव्हती, पण तिचं अंग हलत होतं आणि ते मला कळत होतं. बाहेरून मुली हसत-बोलत निघून गेल्या. कोणी थांबलं नाही. जी सगळ्यांसाठी भांडते, तिला काय होणार, असंच सगळ्यांना वाटत असणार.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. अडकलेल्या दाराला रंग लावू नका, रंधा लावा. धक्के तर मारूच नका. आणि आतून आवाज येत नाही म्हणून आत सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. खाली बसा आणि विचारा, "आत कोण आहे?" मला तोंड असतं, तर त्या संध्याकाळी मीच विचारलं असतं.