वावरात गेल्ते

"त्या दिवशी दाराला आतून कडी कुणी लावली?"

वंदनाच्या वकीलबाईंनी आवाज न चढवता विचारलं. साक्षीदाराच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या चतुराबाईंनी मुलाकडे पाहिलं. कल्याण मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. घटस्फोटाचा दावा त्याचाच. बायको वंदना आपणहून नांदणं सोडून गेली, असं त्याचं म्हणणं. ते शाबीत व्हायला आईची साक्ष हवी होती.

"मला काय म्हाईत? मी वावरात गेल्ते," चतुराबाई म्हणाल्या. "कापूस येचायला."

खरं तर कडी त्यांनीच लावली होती. कल्याणनं वंदनाला दंडाला धरून ओट्यावर काढलं, आत आला आणि म्हणाला, "आई, लाव कडी." त्यांचा हात आपसूक वर गेला. बाहेरून वंदना म्हणत राहिली, "आत्याबाई, माझी चप्पल तरी द्या." चतुराबाई चुलीपुढं बसून होत्या. तव्यावरची भाकरी करपली, तरी उठल्या नाहीत.

सकाळी कल्याणच्या वकिलांनी व्हरांड्यात समजावलं होतं, "शपथपत्रात आहे तेच उलटतपासणीत सांगायचं. एक शब्द फिरला की केस गेली." आणि कल्याण म्हणाला होता, "आई, मी आजून किती साल असंच लटकत राहू?" पोटचं पोर. त्यांनी मान डोलावली होती.

वकीलबाई विचारत गेल्या, चतुराबाई पढवलेलं सांगत गेल्या. समोर वंदना बसली होती. रागानं बघती तर बरं झालं असतं. ती नुसती ऐकत होती, तापात बरळणाऱ्या माणसाचं ऐकावं तशी.

जबाब टाइप झाला, वाचून दाखवला. कारकुनानं कागद पुढं सरकवला. "बाई, इथं सही करा."

चतुराबाईंनी पेन उचलला. ही सही त्यांना वंदनानंच शिकवलेली. बँकेत अंगठा देताना सासूला लाज वाटते, हे तिनं नवी नवरी असतानाच ओळखलं होतं. दुपारी परातीत पीठ पसरून ती त्यांचं बोट धरायची. "आत्याबाई, तु चा उकार खाली द्या, डोक्यावर न्हाई!" मग दोघी हसून हसून लोळायच्या.

चतुराबाईंनी पेन खाली ठेवला.

"अंगठा घ्या."

"शपथपत्रावर तर तुमची सही आहे."

"आज न्हाई जमायची, साहेब."

कारकुनानं शाईचं पॅड उघडलं.

"बराबर बोललीस आई," म्हणत कल्याण मोटरसायकल काढायला गेला. चतुराबाई कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभ्या राहिल्या. वंदना जवळून गेली. दोन पावलांवर थांबली.

"आत्याबाई, सही इसरल्या का?"

"न्हाई गं. इसरले न्हाई."

वंदनानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ती बसस्टँडच्या वाटेला लागली.

"चल आई, जल्दी," कल्याणनं हॉर्न दिला.

रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या वंदनाला ओलांडून गाडी पुढं गेली, तेव्हा चतुराबाईंनी डोळे मिटून घेतले.