एक घर, दोन जिल्हे

माझा भाऊ जाफर सौदीत जुबैलच्या कारखान्यात वेल्डिंगच्या आधी कुठे गॅस गळतोय का ते तपासतो. त्याला पगारच संशय घेण्याचा मिळतो. पण हा धंदा तो घरी घेऊन येतो, हे मला रय्यानचं स्थळ आल्यावर कळलं.

मी इस्मत. इथल्या भारतीय शाळेत भूगोल शिकवते. नवरा गेल्यापासून भायकडेच राहते. वहिनी गावी म्हसळ्याला असते. आम्ही कोकणी शाफई. वलीने, म्हणजे बाईच्या पालकाने, हो म्हटल्याशिवाय निकाह होत नाही, आणि अब्बांच्या मागे माझा वली भायच. रय्यान घटस्फोटित, इथेच इंजिनियर; धाकटा भाऊही त्याच्याजवळच. त्याचे वडील श्रीवर्धनचे खलाशी, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले ते तिथलेच झाले. मला तो आवडला होता, यात लपवण्यासारखं काय आहे?

तो घरी आला तेव्हा भायने चहाआधीच रिवाजाचे प्रश्न काढले. गाव? जिल्हा?

"कारोलिनेन्झील. जिल्हा फ्रीसलांड."

"आणि धाकट्या भावाचा जन्म?"

"उसी घर में. जिल्हा विटमुंड." रय्यान हसला. "लंबी कहानी है."

भायने कहाणी विचारलीच नाही. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये, तो सावध होतो, असं त्याचं शास्त्र. रय्यान गेल्यावर मला म्हणाला, "एका घराला दोन जिल्हे? पाणी मुरतंय कुठंतरी."

मग कामगारांच्या कॅम्पात, मशिदीबाहेर, जो भेटेल त्याच्याकडे चौकशी. आणि संशय हा खोकल्यासारखा, घरात एकाला झाला की दुसऱ्याला होतोच. रय्यान फोनवर सांगत होता की त्यांच्याकडे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की माणसं चिखलातून चालत बेटावर पोचतात. भरती-ओहोटी मी वर्षानुवर्षं शिकवतेय. तरी मनात आलं, हा फेकतोय. स्वतःचाच राग आला. मी सरळ विचारलं, "ते दोन जिल्हे काय आहेत?"

त्याने सांगितलं. १९७७मध्ये सरकारने विटमुंड जिल्हा मोडून शेजारच्या फ्रीसलांडला जोडला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८०पासून जिल्हा परत वेगळा झाला. रय्यान मधल्या काळातला, भाऊ नंतरचा. मी इंटरनेटवर पाहिलं. शब्द न् शब्द खरा.

संध्याकाळी भायला सगळं सांगितलं. "आणि आपलं काय? तुमी जन्मलात तवा म्हसळा कुलाबा जिल्ह्यात, मी जन्मले तवा त्याच जिल्ह्याचं नाव रायगड. घर तेच. आपण लबाड काय?"

भाय म्हणाला, "तलाक का झाला, ते पण बघाया होवं."

मी भडकले. "तेही सांगितलंय त्याने, तुमच्या तोंडावर! तुमाला खोट सापडत नाय, तर तुमी नवी शोधताय. वली हाव तुमी, पहारेकरी नाय!"

त्याने मान खाली घातली. "सापडली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तू गेलीस की या घरात मना हाक मारणारं कोण हाय?"

राग होता तसाच होता आणि रडूही येत होतं. भायने माझा फोन उचलला, रय्यानला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जुम्मे की नमाज के बाद आओ. भाई को भी लाओ. मेरी तरफ से हाँ है."

फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.