मोटर चालू आहे

मोबाईलवरून शेतातली मोटर चालू करायला शिकलो, तेव्हापासून घरात सगळ्यांत शहाणा मीच होतो. छापखान्यात यंत्रासमोर उभं राहून एक फोन लावायचा, की दोन कोसांवर भाताला पाणी सुरू. लगेच मेसेज यायचा, ‘मोटर चालू आहे.’ बाबांच्या पहाटेच्या फेऱ्या वाचल्या.

“पण बांध कोण बघणार?” बाबांनी विचारलं होतं. ते रोज बांधावरून अनवाणी चालायचे. खेकड्याने बीळ पाडलं, की तिथली माती टाचेला मऊ लागते, म्हणायचे. आता गुडघा त्यांना चालू देत नव्हता, आणि मला तर त्या टाचेच्या ज्ञानाचं हसूच यायचं.

“बाबा, टाचेला सुट्टी द्या आता,” मी म्हणालो.

शेत ते केवढंसं! पण त्यात बाबांचं लालकुसळ्या भात होतं, आजीने जपलेलं. उंच वाढून आडवं पडतं, उतारा कमी, म्हणून बाकीच्यांनी ते कधीच सोडलं होतं. बाबा दर वर्षी डबाभर बियाणं माळ्यावर मागे ठेवायचे. यंदा तेही मीच पेरायला लावलं. पाण्याची चिंता मिटली होती ना! चांगला उतारा काढून चार लोकांना दाखवणार होतो. मूर्खपणालाही काही सीमा असते म्हणतात; मला ती सापडली नाही.

भात फुलोऱ्यावर आलं आणि नेमकं छापखान्यात काम वाढलं. दोन रविवार मी शेताकडे फिरकलोच नाही. सकाळ-संध्याकाळ फोन लावत होतो, मेसेज येत होता, मोटर चालू होती. पाणी मात्र खेकड्याच्या बिळातून सरळ नाल्यात जात होतं. मोबाईल खोटं काहीच बोलला नव्हता.

तिसऱ्या रविवारी बाबांना धरून धरून घेऊन गेलो. जमिनीला भेगा पडलेल्या. लोंब्या पांढऱ्या आणि ताठ. भरल्या असत्या तर वाकल्या असत्या. बाबांनी एकेक दाणा दाताखाली धरून पाहिला. सगळे पोकळ. पाटाच्या तोंडाशी थोड्या भरू लागल्या होत्या, त्या पाखरांनी फस्त केल्या होत्या. बाबांनी बांधावरच्या बिळापाशी टाच दाबून पाहिली.

घरी आल्यावर म्हणाले, “कुणाकडे तरी मूठभर बी असेलच. गावोगाव विचारून बघतो.”

मी त्यांना खाटेवर बसवलं आणि फोन लावायला सुरुवात केली. आत्याच्या सासरी, मामांकडे, बियाण्याच्या दुकानदाराला, बाबांच्या जुन्या सोबत्यांना. “ते होय? ते कधीच संपलं,” जो तो हेच म्हणाला. बाबा हिंडत राहिले असते, तर निदान एक वर्ष आशेवर निघालं असतं. मोबाईलने ते काम पाऊण तासात उरकलं.

मी फोन खाली ठेवला.

“आणखी एकाला लाव,” बाबा म्हणाले.

“कुणाला, बाबा?”

“कुणालाही लाव.”