आखूड लाट

गेल्या आठवड्यापासून आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमधल्या कॉइल एकामागून एक नापास होत होत्या. तपासणी माझ्याकडे. सीआरओच्या, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या मशीनच्या, पडद्यावर कॉइलची लाट उमटते, तिचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि काचेवरच्या चौकोनांत तिची लांबी मोजायची. कॉइलला तारेचे वेढे कमी पडले की लाट आखूड येते, आणि प्रत्येक लाट आखूड भरत होती.

"वेढे कमी पडतायत, प्रतिभा," मालक महेशसर म्हणाले. "कुसामावशींची नजर गेली आता. सोमवारपासून दुसरं कोणी बघ."

मावशी पलीकडेच कॉइल गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले. माझं डोकंच फिरलं. ज्यांनी मला इथलं काम शिकवलं, त्यांना माझ्याच फोटोंवरून घरी बसवायचं?

"आधी माझे फोटो तपासते," मी म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," सर हसले. "बघ, संध्याकाळपर्यंत."

चौकोन काचेवर आणि लाट काचेच्या आत, त्यामुळे फोटो तिरका निघाला की माप चुकतं. मी मोबाइल स्टँडवर पडद्यासमोर सरळ लावला, वरून काळं कापड टाकलं आणि सगळे फोटो पुन्हा काढले. लाट आखूडच. सर डोकावले आणि घड्याळाकडे बघून गेले. पण मीही हट्टाला पेटले होते.

मशीनचं माप पारखण्यासाठी सीआरओमध्येच एक ठरावीक लाट दिलेली असते. ती एका चौकोनात नेमकी बसायला हवी. तिचा फोटो काढला, तर चौकोनात सव्वा लाट मावली होती. आखूड कॉइल नव्हती, माझं मोजमाप होतं.

लाटेची लांबी ठरवणारं वेळेचं छोटं बटण शेवटपर्यंत फिरवून खटकन बसवलेलं लागतं. ते सरकलं होतं आणि त्याच्या खाचेत हळदकुंकू वाळलं होतं. गेल्या आठवड्यात दसऱ्याला मशीनची पूजा मावशींनीच केली होती, एकेका बटणाला मनोभावे बोट लावून.

बटण बसवलं. आधी पारखायच्या लाटेचा आणि मग मावशींच्या कॉइलचा फोटो काढून दोन्ही सरांपुढे ठेवले. नापास कॉइल साऱ्या पास झाल्या.

"कुंकवाचं त्यांना सांगू नकोस," सर ओशाळून म्हणाले.

मी मावशींना एवढंच सांगितलं, "मशीन चुकत होतं. तुमचे वेढे बरोबर आहेत."

त्यांनी हातातली कॉइल खाली ठेवली.

"रोज घरी गेल्यावर सुईत दोरा ओवून बघत होते," त्या म्हणाल्या. "लगेच जायचा. पण पोरी, तुझ्या फोटोपुढं मी माझेच डोळे खोटे धरले."