ऐंशी

ऑफिसात तिला सगळे ‘कीबोर्डवाली’ म्हणत. कंपनीचा लिहिण्याचा प्रोग्राम तीन ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा, आणि कीबोर्डवरची कळ तिन्हीकडे सारखी वागावी हे तिचं काम. नऊ वर्षांत तिला त्याचा वीट आला होता. दोन सिस्टीम सांभाळतानाच जीव मेटाकुटीला यायचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ही तिसरी. हिची खोड अशी, की कळ नुसती दाबून धरली तरी ‘सोडली, दाबली, सोडली, दाबली’ असा धोशा लावायची. म्हणून कीबोर्डवालीनं नियम घातला: सोडलेली कळ लगेच पुन्हा दाबली गेली, तर ते खोटं समजून गाळायचं. लगेच म्हणजे सेकंदाच्या पाच सहस्रांशात. मग दोन महिन्यांपूर्वी कुणाच्या तरी जुन्या मशीनवरून तक्रार आली, की तिथे पाच पुरत नाहीत. शुक्रवार होता, डोकं ठणकत होतं. तिनं पाचाचे ऐंशी केले, स्वतः तपासलं, शेजारच्यालाही तपासायला लावलं. दोघंही दोन बोटांनी सावकाश टाइप करणारे. सगळं ठीक निघालं.

तिचे बाबा चाळीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. निवृत्तीनंतर एका वकीलबाईंकडे जबान्या टाइप करायला जात. तिथे हाच प्रोग्राम, हीच तिसरी सिस्टीम. दोन महिन्यांपासून त्यांच्या कागदांत अक्षरं गळायला लागली. बाईंनी आधी हसून सोडून दिलं, मग सांभाळून घेतलं, आणि आता महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाल्या होत्या. बाबांनी दोन डॉक्टरांना हात दाखवला. घरात मात्र वय झालं, एवढंच म्हणत.

रविवारी त्यांनी तसला एक कागद लेकीपुढे ठेवला. जिथे तीच कळ लागोपाठ दोनदा हवी, तिथेच दुसरी गायब होती. एकही चूक दुसरीकडे नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात तुमचा बिघडलेला नाही, त्याचा वेग माझ्या नियमाला झेपत नाही, चूक माझी आहे, असं तिनं सरळ सांगून टाकलं. 

सोमवारी तिनं चहासुद्धा न घेता ते ऐंशी काढले. दाबून धरलेली कळ कोणती, हे आता सिस्टीमलाच विचारायचं. हे पूर्वीही करता आलं असतं. कंटाळा केला होता. मंगळवारी वकीलबाईंकडे जाऊन तिनं नवा प्रोग्राम स्वतः बसवला आणि बाबांशेजारी खुर्ची ओढली.

बाबा टाइप करू लागले. एकही अक्षर गळेना. पण तीच कळ पुन्हा आली, की बोट वर जायचं, हवेत थबकायचं, मग अलगद खाली यायचं. कोर्टात ज्या हाताकडे बघायला नवे कारकून उभे राहत, तो हात आता निम्म्या वेगानं चालला होता. आतल्या खोलीतून बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, अजून किती पानं राहिली म्हणून.

“बाबा, आता थांबायला नको,” ती हळूच म्हणाली. “मी दुरुस्त केलंय ते.”

“मला कळलंय गं,” बाबा म्हणाले. बोट हवेतच होतं. “याला कोण सांगणार?”