शिपायाच्या जागी खुर्ची

बेल्टन फोर्कची माणसं तशी काही फार सरळ नाहीत. चर्चमध्ये डुलक्या काढतील, शेजाऱ्याचे पीच चोरतील. पण पीचच्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मिरवणुकीच्या वाटेवर कुणी घडीची खुर्ची मांडून गेलं, तर तिला बोट लावणार नाहीत. खुर्ची ठेवली की जागा तुमची. मग खुशाल घरी जाऊन झोपा.

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी ओझेला टार्प्लीला उशीर झाला. कारण काय, तर चर्चच्या जेवणासाठी उकडलेली अंडी. मेली सोलली जाता जाईनात! खुर्ची काखोटीला मारून ती कोर्टासमोरच्या चौकात पोचली, तर पुढची रांग खुर्च्यांनी गच्च भरलेली.

मागे जागा होती, पण मागची जागा घेऊन करायचं काय? तिची आई अर्लेथा नव्वदीपार गेलेली, डोळ्यांपुढे धुकं. जरा लांबचं माणूस म्हणजे नुसता डाग. यंदा शाळेच्या बँडपुढे काठी फिरवत चालणार होती झरिया, ओझेलाची नात. म्हातारीनं एवढंच मागितलं होतं, "पोरीला त्या पोशाखात एकदा बघू दे गं. पुढच्या वर्षी डोळे कुठे आणि मी कुठे!" लहानपणी अर्लेथानं ही मिरवणूक पेंडीच्या दुकानामागून, लोकांच्या पाठींच्या फटीतून पाहिलेली. काळ्यांना तिथेच उभं करायचे.

चौकाच्या मधोमध मात्र गवताचा अख्खा गोल मोकळा होता. शंभरावर वर्षं तिथे दगडी शिपाई उभा होता. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेचा. वसंतात क्रेन आली आणि त्याला उचलून गावाबाहेरच्या कबरस्तानात ठेवून आली. पण गाव अजून त्या गोलाला वळसा घालूनच चालायचं. गोऱ्यांना तिथे बसणं शिपायाचा अपमान वाटे आणि काळ्यांना नसती कटकट. बँड थांबून वाजवायचा तो नेमका त्याच्यासमोर. म्हणजे सगळ्यांत उत्तम जागा, आणि रिकामी!

"गेलास ना एकदाचा? मग झालं तर," असं त्या नसलेल्या शिपायाला म्हणत ओझेलानं तिथे खुर्ची उघडली.

"ओझेलाबाई! अहो, हे काय चालवलंय?"

हार्लन स्टबलफील्ड धापा टाकत आला. पुतळा हलवू नये म्हणून भर सभेत रडलेला हाच. त्याच्या खापरपणजोबाचं नाव चौथऱ्यावर होतं. आणि दरवर्षी खुर्च्यांचा नियम मोडणाऱ्यांवर ओरडणाराही हाच.

"खुर्ची मांडतेय. दिसत नाही?"

"इथे नाही मांडायची!"

"का? कुणी बसलंय इथे?"

हार्लनची बायको डार्लीन रस्त्यापलीकडून ओरडली, "हार्लन! खुर्ची ठेवली म्हणजे ठेवली! ह्याच्यावरून माझ्या भावाशी दोन वर्षं बोलला नाहीस तू!"

"ते वेगळं होतं!"

"काही वेगळं नव्हतं! चल, जेवण निवतंय!"

तो पाय आपटत गेला. ओझेला हसली खरी, पण घरी जाताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. नियम बाकीच्या खुर्च्यांना होता. ह्या खुर्चीला तो लागू होईल, असं कुणी म्हटलं होतं?

सकाळी आईला हाताला धरून ती चौकात आली, तर खुर्चीपाशी हार्लन उभा. हाताची घडी, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"मला हे पटलेलं नाही," तो म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"मग हात का लावलात? काल ती अशी नव्हती."

"मी नाही लावला! पहाटे कचऱ्याच्या पिंपात सापडली. कुणी गाढवानं टाकली होती. मी आणून ठेवली." तो घुटमळला. "काल ती जरा कडेला होती. आता बरोबर मधोमध आहे, तो होता तिथे. नियम म्हणजे नियम."

"अंडं खाल का एक?" ओझेलानं डबा पुढे केला. त्यानं दोन उचलली आणि पाठ फिरवून बायकोशेजारी जाऊन बसला.

ढोल घुमले. बँड वळसा घालून आला आणि थांबला. आता सभेत महिनोन्‌महिने गावानं प्रत्येक गोष्टीवर भांडण केलं होतं, पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. बँडची पोरं वर्षानुवर्षं शिपायाला सलामी द्यायची. म्होरक्यानं पुढे यायचं, काठी जमिनीला टेकवायची आणि कमरेत वाकायचं. आधीच्या पोरांनी नंतरच्यांना शिकवलं, तसंच झरियाही शिकली होती.

ती पुढे आली. काठी टेकवली. आणि खुर्चीतल्या आपल्या पणजीपुढे, सगळ्या बेल्टन फोर्कच्या देखत, कमरेत वाकली.

हार्लन सवयीनं उठून उभा राहिला होता, टोपी छातीशी. आपण कुणापुढे उभे आहोत हे त्याला उशिरा कळलं. आता बसायचं तरी कसं? डार्लीननं त्याचा शर्ट ओढला. तो बसला नाही.

ओझेलाच्या डोळ्यांना धार लागली. "आई," ती वाकून म्हणाली, "दिसली का गं?"

अर्लेथानं मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

"टोपी वाकडी घातलीय कार्टीनं," ती म्हणाली. "जा, सरळ कर."